नळाच्या पाण्याला वास येतोय? नमुना भरण्यापासून रिपोर्ट वाचण्यापर्यंत

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीतल्या बी विंगच्या एका काकूंनी भांडंभर आमटी ओतून दिली. डाळ चांगली, फोडणी चांगली, पण पाण्याचा वास आमटीत उतरला होता. पुण्याच्या उपनगरातली आमची इमारत, दोन विंगा, ४८ घरं. समितीत पाण्याचं काम माझ्याकडे, म्हणून मी लगेच पाणी तपासायला द्यायचं ठरवलं. घरातली रिकामी प्लॅस्टिकची बाटली घेतली, ए विंगमधल्या माझ्याच नळाखाली धरली, स्कूटरच्या डिकीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जवळच्या प्रयोगशाळेत दिली. आठवड्याभराने रिपोर्ट आला : "गंध – स्वीकारार्ह." बाकीचे सगळे आकडे मर्यादेत. बी विंगमधला वास मात्र होता तिथेच.

त्यानंतर दीड महिना लागला, पण या तपासणीतलं बरंच काही समजलं. मुख्य गोष्ट अशी की प्रयोगशाळा तुम्ही मागाल तेच मोजते. "पाणी तपासून द्या" म्हटलं की पीएच, कठीणपणा, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), क्लोराइड असे ठरलेले घटक मोजून मिळतात. वास आणणारं द्रव्य त्या यादीत असेलच असं नाही. असलं तरी चुकीच्या बाटलीत ते वाटेतच उडून जातं. तुमचा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून सगळं क्रमाने सांगते.

आधी एक सूचना. वास मैल्याचा, गटाराचा किंवा पेट्रोल-रॉकेलचा असेल तर रिपोर्टची वाट पाहू नका, ते पाणी पिणं आजच थांबवा. मैल्याच्या शंकेत उकळण्याने जंतू मरतात, पण पेट्रोल-रॉकेलच्या बाबतीत उकळणं हा उपाय नाही, उलट वाफ घरात पसरते.

१. वास पाण्याचाच आहे ना?

एक स्वच्छ काचेचा पेला नळाखाली भरा आणि तो घेऊन दुसऱ्या खोलीत जा. तिथे वास आला तर तो पाण्याचा. सिंकपाशीच येत असेल तर बहुतेक वेळा तो सांडपाण्याच्या जाळीतून येतो. आमच्याकडच्या अकरा तक्रारींपैकी तीन अशा निघाल्या.

वास फक्त गरम पाण्याला येत असेल तर संशय गीझरवर घ्या. टाकी गंजू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी बसवलेली असते. काही पाण्यांत तिच्यामुळे सडक्या अंड्यासारखा वास तयार होतो.

नमुना आरओ मशीनमधून घेऊ नका. त्यातला कार्बन वास शोषून घेतो, आणि जुना झालेला कार्बन स्वतःचाच वास पाण्याला देतो. माठातलं पाणीही नको. उन्हाळ्यात आपण माठात वाळा किंवा मोगऱ्याची फुलं घालतो, तो सुगंध मातीत मुरलेला असतो.

२. वासाला नाव द्या

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण पुढे कोणती तपासणी मागायची ते इथे ठरतं. "घाण वास" एवढ्यावर प्रयोगशाळेतला माणूस काही करू शकत नाही. चार-पाच शेजाऱ्यांना बोलवा, एकमेकांशी न बोलता वास घ्यायला सांगा आणि प्रत्येकाला कागदावर लिहू द्या. आमच्या जिन्यात पाच जणांनी लिहिलं : "ओली माती", "तळघर", "पावसाळ्यातलं गोणपाट", "उकडलेलं अंडं", "दिवाळीचे फटाके". त्या पाच चिठ्ठ्या शेजारी ठेवल्यावर लक्षात आलं की हा एक वास नव्हे, दोन आहेत. पहिल्या तिघांच्या पेल्यात ए विंगचं पाणी होतं, शेवटच्या दोघांच्या पेल्यात बी विंगचं.

मातकट, कुबट, कधी कापराची झाक : हे बहुधा जिओस्मिन किंवा एमआयबी. एमआयबी म्हणजे टू-मिथाइल-आयसोबॉर्निओल. धरणातलं आणि तलावातलं नील-हरित शेवाळ आणि मातीतले काही जीवाणू ही द्रव्यं तयार करतात. पहिल्या पावसानंतरच्या मृद्गंधात दरवळतं तेच हे जिओस्मिन. माणसाचं नाक त्याच्या बाबतीत फार तीक्ष्ण असतं. एका लिटरमध्ये १० नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा कोटीवा भाग असला तरी पुष्कळांना तो जाणवतो. जपानने पिण्याच्या पाण्यासाठी या दोन्हींची मर्यादा तेवढीच, लिटरला १० नॅनोग्रॅम, ठेवली आहे. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या आपल्या भारतीय मानकात त्यांना वेगळी मर्यादा नाही, म्हणून नेहमीच्या तपासणीत ती मोजली जात नाहीत.

सडकं अंडं, फटाक्याची दारू : हायड्रोजन सल्फाइड. हवा न पोचणाऱ्या पाण्यात, बोअरवेलमध्ये किंवा गाळ साचलेल्या टाकीच्या तळाशी काही जीवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून ते बनवतात.

दवाखान्यासारखा, जंतुनाशकासारखा : क्लोरोफिनॉल. पाण्यात शिरलेल्या फिनॉलची क्लोरीनशी गाठ पडली की हे तयार होतं.

ब्लीचिंग पावडरचा वास क्लोरीनचा. तो जागेवरच मोजावा लागतो, पुढे सांगते. माशासारखा किंवा काकडीसारखा वास बहुतेकदा शेवाळाचा. रंग, थिनर, पेट्रोल यांचा वास आला तर टाकीला नुकतं वॉटरप्रूफिंग झालंय का, रस्त्यात नवी पाइपलाइन टाकलीय का ते विचारा. पेट्रोल सांडलेल्या जमिनीतून गेलेल्या प्लॅस्टिकच्या पाइपच्या भिंतीतून ते आत झिरपतं, पाइप कुठेही फुटलेला नसला तरी.

३. वास कुठून सुरू होतो ते शोधा

इमारतीतलं पाणी चार ठिकाणी थांबतं : महापालिकेची लाइन आत येते तिथे, जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी आणि स्वयंपाकघरातला नळ. या चारही ठिकाणचं पाणी एकाच सकाळी, सारख्या काचेच्या बरण्यांत घ्या. बरणी अर्धी भरा, झाकण लावून हलवा, उघडून लगेच वास घ्या. कळत नसेल तर बंद बरणी दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवा. कोमट पाण्यातून वास जास्त सुटतो. त्याआधी अर्धा तास चहा, पान, तंबाखू काही नको. हाताला साबणाचा किंवा कांद्याचा वास नसावा आणि जवळपास उदबत्ती लावलेली नसावी. सर्दी झालेल्याला बसवू नका. तीन-चार बरण्यांनंतर नाक थकतं, तेव्हा थोडं बाहेर फिरून या. आणि चव घेऊन पाहू नका, वास पुरतो.

याच वेळी टीडीएस मीटर लावा. त्याला वास कळत नाही, पण दोन पाणी एकमेकांत मिसळलेली असली तर ते त्याला कळतं. आमच्याकडे महापालिकेच्या लाइनवर आकडा ११० होता, ए विंगच्या नळाला ११५ आणि बी विंगच्या नळाला ३४०. प्लंबर भाऊ गच्चीवर चढले. फ्लशसाठीचं बोअरचं पाणी आणि पिण्याचं पाणी यांच्या दोन टाक्यांमध्ये एक बायपास व्हॉल्व्ह होता, तो पूर्ण बंद होत नव्हता. हात लावला तर चाक फिरत होतं, पण आतली तबकडी गंजून अर्ध्यावर अडकली होती. रात्री पिण्याची टाकी उतरली की बोअरचं पाणी तिच्यात यायचं.

अंड्याच्या वासाचं मूळ सापडलं. मातकट वास मात्र महापालिकेच्या लाइनवरच होता, म्हणजे तो इमारतीबाहेरून येत होता.

४. प्रयोगशाळा निवडणं

महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा आहेत, पुण्यात राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आहे. मूलभूत रासायनिक आणि जीवाणूंच्या तपासणीसाठी तिथून सुरुवात करणं चांगलं. जिओस्मिन, एमआयबी किंवा पेट्रोलसारख्या द्रव्यांसाठी मात्र जीसी-एमएस हे यंत्र लागतं, आणि ते सगळीकडे नसतं. खाजगी प्रयोगशाळा घेणार असाल तर एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता पाहा. नुसता शिक्का पाहून थांबू नका. मान्यता प्रत्येक तपासणीसाठी वेगळी असते, तिची यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर मिळते. तुम्हाला हवा तो घटक त्या यादीत आहे का ते बघा.

फोनवर हे प्रश्न विचारा : हा घटक तुम्ही स्वतः मोजता की दुसरीकडे पाठवता? किमान किती मात्रा पकडू शकता? बाटल्या तुम्ही देता का, आत कोणतं रसायन घालून देता? नमुना कोणत्या वारी घेता? शनिवारी घेतलेला नमुना सोमवारपर्यंत पडून राहतो, ते टाळा. जिओस्मिनसाठी "लिटरला १० नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी पकडतो" असं उत्तर मिळालं नाही तर तिथे पैसे घालवू नका.

इथे एका मोठ्या गैरसमजाबद्दल सांगायला हवं. गावोगावी जलसुरक्षकांकडे "एच-टू-एस वायल" असते, पाणी घालून ठेवलं की दूषित असल्यास काळी पडते. नावावरून वाटतं की ही सडक्या अंड्याच्या वासाची तपासणी. तसं नाही. पाण्यात विष्ठेतून आलेले जीवाणू असतील तर ते त्या बाटलीत वाढताना हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि त्याने बाटली काळी होते. म्हणजे ती जीवाणूंची चाचणी आहे. उपयोगी आहे, पण वासाचा प्रश्न घेऊन गेलात तर "सल्फाइड, आयएस ३०२५ च्या पद्धतीने" असं स्पष्ट मागा. आयएस ३०२५ म्हणजे पाणी तपासण्याच्या पद्धतींचं भारतीय मानक.

५. काय काय जवळ लागेल

साहित्य :
- प्रयोगशाळेने दिलेल्या बाटल्या. वासासाठी काचेच्या, घट्ट बुचाच्या. रबरी बूच नको, त्याचाच वास लागतो.
- थर्माकोलचा आइस बॉक्स, बर्फाच्या पिशव्या
- न पुसणारं पेन, चिकटपट्टी
- क्लोरीन तपासायचा ओटी (ऑर्थोटोलिडीन) संच, टीडीएस मीटर, थर्मामीटर
- स्पिरिट आणि लायटर, जीवाणूंच्या नमुन्याआधी धातूची तोटी शेकायला

कागद :
- सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज, त्यात पत्ता, पाण्याचा स्रोत आणि मागितलेल्या तपासण्यांची नावं
- वासाच्या नोंदी : तारीख, वेळ, कोणत्या घरात, कसा वास
- प्रयोगशाळेचा नमुना-फॉर्म आणि पोच. पोचपावतीवर नमुना दिल्याची वेळ लिहून घ्या.

६. नमुना घेणं

नळाची जाळी काढा, तिच्यात अडकलेला गाळ स्वतःच वास देतो. घरातल्या पाइपचा संशय असेल तर सकाळचं पहिलं पाणी घ्या. पुरवठ्याचा संशय असेल तर नळ दोन-तीन मिनिटं वाहू द्या. पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर लाइनवर दोन नमुने घ्या, एक पाणी आल्या आल्या आणि दुसरा अर्ध्या तासाने. पुरवठा बंद असताना पाइपमधला दाब जातो आणि फटींतून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. ते पहिल्या धारेत सापडतं.

वासाच्या बाटलीत पाणी हळू, बाटलीच्या कडेने सोडा. फेस होऊ देऊ नका. काठोकाठ भरा, बूच लावल्यावर उलटी करून पाहा. आत बुडबुडा दिसला तर परत भरा, कारण वासाचं द्रव्य त्या हवेत जातं आणि बूच उघडताच निघून जातं. माझी पहिली बाटली पाऊण भरलेली होती, आणि एप्रिलच्या उन्हात तापलेल्या डिकीत होती.

प्रत्येक तपासणीची बाटली वेगळी असते. साध्या रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून भरायची. आत आधीच रसायन घातलेली बाटली कधीही विसळायची नाही. सल्फाइडच्या बाटलीत झिंक अॅसिटेट असतं, ते सल्फाइडला धरून ठेवतं. जिओस्मिन आणि जीवाणूंच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट असतं, ते क्लोरीन मारतं. जीवाणूंची बाटली निर्जंतुक असते, तिच्या बुचाला आतून बोट लागू देऊ नका. ही एकच बाटली थोडी रिकामी ठेवायची, हलवायला जागा लागते.

क्लोरीन तिथेच मोजा, प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो उडून जातो. ओटीचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग किती गडद येतो ते पट्टीशी जुळवा आणि आकडा लिहा. आयएस १०५०० नुसार मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. क्लोरीनचा दर्प मातकट वास झाकतो, म्हणून सकाळी न येणारा वास रात्री साठवलेल्या पाण्याला येतो.

लेबल बाटली भरण्याआधी लावा. ओल्या काचेवर पट्टी टिकत नाही. मग बर्फात, अंधारात ठेवून लगेच न्या. वासाची तपासणी सहा तासांच्या आत झाली तर उत्तम, जीवाणूंची २४ तासांच्या आत व्हायलाच हवी.

७. तिथे वास मोजतात कसा

वास शेवटी माणसाचं नाकच मोजतं. तुमचं पाणी वासरहित पाण्यात मिसळून एकूण २०० मिलिलिटर करतात, तापवून काचेच्या बुचाच्या चंबूत हलवतात आणि निवडलेली माणसं हुंगतात. पातळ करत करत जिथे वास जेमतेम कळतो तो आकडा धरतात. तुमचं पाणी ५० मिलिलिटर असताना वास कळला आणि त्याखाली कळला नाही, तर २०० भागिले ५०, म्हणजे उंबरठा आकडा ४. १०० ला कळेनासा झाला आणि पूर्ण २०० लाच कळला तर १. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची शिफारस ३ पर्यंतची आहे. आपलं मानक आकडा सांगत नाही, गंध "स्वीकारार्ह" असावा एवढंच म्हणतं, मात्र पाणी थंड आणि गरम दोन्ही तऱ्हेने आणि पातळ करूनही तपासावं असं सांगतं. म्हणून अर्जातच लिहा : "गंध उंबरठा आकड्यात, थंड व गरम दोन्ही." आमच्या दुसऱ्या रिपोर्टमध्ये थंड पाण्याचा आकडा २ होता, गरमचा ८. पहिल्या खेपेला त्याच वासासमोर "स्वीकारार्ह" लिहिलं गेलं होतं.

८. रिपोर्ट वाचताना

"बीडीएल" (बिलो डिटेक्शन लिमिट, म्हणजे शोधमर्यादेखाली) हा शब्द सगळ्यात जास्त फसवतो. त्याचा अर्थ "नाही" असा नाही. आमच्या यंत्राला जेवढं कमीत कमी दिसतं त्याहून कमी, एवढाच त्याचा अर्थ. फिनॉलची मानकातली मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे, पण टू-क्लोरोफिनॉलची चव जिभेला त्याच्या दहाव्या भागातही कळते. म्हणजे फिनॉल "बीडीएल" असूनही नाक आणि जीभ खरं सांगत असतात. प्रत्येक बीडीएलशेजारी शोधमर्यादा छापून मागा.

वासाशी संबंध असलेल्या आणखी दोन मर्यादा पाठ ठेवा : सल्फाइड लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आणि अमोनिया ०.५. अमोनिया वाढलेला आणि जोडीला कोलिफॉर्म (दूषितपणा दाखवणारे जीवाणू) सापडले तर सांडपाणी मिसळल्याचा संशय घ्या. कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमध्ये एकही चालत नाही. रिपोर्टवर नमुना कोणी घेतला तेही पाहा. "ग्राहकाने आणून दिलेला" असं लिहिलेलं असेल तर कार्यालयात त्याचं वजन कमी पडतं. तक्रार लढवायची असेल तर प्रयोगशाळेचाच माणूस नमुना घ्यायला बोलवा.

९. रिपोर्ट हातात आल्यावर

सल्फाइड आपल्याच इमारतीतलं असेल तर दुरुस्ती आपल्याच हातात आहे : व्हॉल्व्ह, गाळ, न वापरलेल्या पाइपच्या टोकाला साचलेलं पाणी. दुरुस्तीनंतर टाकी धुवा आणि चार दिवसांनी त्याच नळाचा नमुना त्याच वेळी परत द्या, नाहीतर तुलना होत नाही.

मातकट वास स्रोताकडून येत असेल तर पाणीपुरवठा विभागाला पत्र द्या. सोबत लाइनवरच्या नमुन्याचा रिपोर्ट, तारखांच्या नोंदी आणि शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांच्या सह्या जोडा. इतक्या सूक्ष्म प्रमाणातल्या जिओस्मिनने अपाय होतो असं दिसलेलं नाही, हे रहिवाशांना नीट सांगा. आमच्या वयस्क आजी-आजोबांनी भीतीने पाणी पिणंच कमी केलं होतं, ते मला जास्त धोक्याचं वाटलं. क्लोरीन वाढवून हा वास जात नाही. तलावात मोरचूद टाकून शेवाळ मारलं तर पेशी फुटून आतलं जिओस्मिन एकदम पाण्यात येतं आणि वास वाढतो. सक्रिय कार्बन मात्र ते धरतो, म्हणून घरापुरता कार्बन फिल्टर पुरतो, कांडी वेळेवर बदलली तर.

बी विंगचा नवा व्हॉल्व्ह बसला त्या आठवड्यात टीडीएस ३४० वरून ११८ वर आला. दुरुस्तीनंतरच्या रिपोर्टमध्ये सल्फाइड ०.०५ च्या आत होतं. आमटी ओतून देणाऱ्या काकूंकडे मी पाण्याची बरणी घेऊन गेले. त्यांनी ती पदराने पुसली, झाकण उघडलं, दोनदा हुंगली आणि सरळ पातेल्यात ओतून डाळीला आधण ठेवलं.